गोजरबाईंची ताटं

कोथळवाडीत लग्न झालं की दुसऱ्या दिवशी गाव ओळखू यायचं नाही. मांडव उतरायचा, वऱ्हाड जायचं, नवरी जायची आणि मागं राहायच्या त्या चंदेरी पत्रावळ्या. त्या ओढ्यात पडायच्या, बाभळींना अडकायच्या, देवळामागं साचायच्या आणि वारा सुटला की पुन्हा गावात यायच्या. श्रीगोंद्याच्या बाजूला वाऱ्याला काही तोटा नाही. कुणी म्हणायचं, जाळून टाका. जाळल्या की असा धूर सुटायचा, की लग्नघराला शिव्या द्यायला तोंड उघडावं तर खोकलाच बाहेर यायचा.

हे वर्षानुवर्षं चालत राहिलं असतं, कारण घाण दुसऱ्याच्या दारात असेपर्यंत आपल्याकडे कुणाला तिचा वास येत नाही. पण दोन वर्षांपूर्वी कालव्याचं आवर्तन सुटलं, चारीला पाणी आलं आणि रस्त्याखालच्या मोरीत पत्रावळ्यांचा बोळा बसला. पाणी पुढं सरकेना. ते बाजूच्या वैजनाथच्या काढणीला आलेल्या कांद्यात शिरलं आणि तीन दिवस तिथंच मुक्कामाला राहिलं. शेवटी वैजनाथनं सडक्या कांद्याचं एक पोतं उचललं आणि ग्रामपंचायतीच्या पायरीवर ओतलं. तेव्हा कुठं गावाला वास आला.

त्या दिवशी पायरीपाशी जमलेल्या माणसांत फक्त रतनबाईनं काही कामाचं सांगितलं. रतनबाई म्हणजे बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. वय बावन्न, आवाज असा की शेजारच्या मळ्यातल्या माणसानं वळून बघावं. नवरा बिभीषण ट्रॅक्टर चालवायचा आणि बायकोच्या उद्योगात पडायचा नाही, त्यामुळं संसार सुखाचा होता.

"स्टीलची ताटं करू," ती म्हणाली. "गावाची ताटं. ज्याच्या घरी कार्य आसंल त्यानं न्यायची, घासून मोजून आनून द्यायची. म्हातारी मान्सं सांगतात, पूर्वी आसंच हुतं."

"घासनार कोन?" मागून एक आवाज आला.

"ज्यांनी जेवायचं त्यांनीच. हात झिजत न्हाईत."

गटानं घरटी एक-दोन ताटं मागितली. ऐंशी जमली आणि त्यात दोन एकसारखी नव्हती. कुणी पोचा पडलेलं दिलं, कुणी ज्यात जनावराला पेंड भिजत घालतात तेच धुऊन दिलं. ही ताटं पंगतीत मांडली की वराकडच्या माणसाला पहिला राग आपल्या ताटाचा यायचा, स्वयंपाकाचा नंतर. रतनबाई मनातून खचली. अशात एका सकाळी छगन तिच्या दारात आला.

छगन धांडे तिचा भावकीतला दीर. मळ्याला मळा लागून. पाच महिन्यांपूर्वी त्याची बायको गोजरबाई तापाचं निमित्त होऊन गेली होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. बत्तीस वर्षं ती दोघंच एकमेकांशी बोलत आली होती, आणि आता छगन कुणाशीच फारसा बोलत नव्हता.

"वैनी, ताटं किती लागत्याल?" त्यानं विचारलं.

"पंगत बसवायची म्हंजे चारशे तरी पायजेत, भाऊजी."

छगननं मान हलवली आणि तो गेला. उसाचं बिल हातात पडल्यावर त्यानं दुसरं काही घेतलं नाही, सरळ नगरला भांड्यांच्या दुकानात गेला. तिथून त्याचा फोन आला तेव्हा रतनबाई कांद्याच्या रोपात वाकलेली होती आणि मजूर बायका पुढं निघाल्या होत्या.

"वैनी, ताटं घेतली. नाव घालतोय. कैलासवासी गोजरबाई छगन धांडे यांच्या स्मरणार्थ. चालंल ना?"

"चालंल की," रतनबाई म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

चूक झाली ती इथं, आणि ती रतनबाईची. पण तिला तरी काय म्हणावं? माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाची भांडी वाटायची, ही सगळ्या मुलखाची रीत. कुणाच्याही घरातली मांडणी बघा, दोन तांबे आणि एक डबा तरी कैलासवाशांचा निघतो. आपण त्याच तांब्यानं रोज पाणी पितो आणि त्याच डब्यात साखर ठेवतो. तिथं कुणाला काही वाटत नाही.

दुकानदारानं छगनला विचारलं होतं, नाव कडेला घालू का पाठीमागं. छगन म्हणाला, मधोमध घाला, जेवणाऱ्याला दिसलं पाहिजे. म्हणून चारशे ताटांच्या चारशे तळांवर वर एकटं 'कै.', त्याखाली ठसठशीत अक्षरांत गोजरबाईंचं नाव आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ' असं कोरून आलं.

पहिलं वर्ष झकास गेलं. शाळेतली पंधरा ऑगस्टची खिचडी, सप्त्याच्या काल्याचं जेवण, दोन तेरावे, एक वर्षश्राद्ध, सगळीकडे ताटं गेली आणि घासून परत आली. त्या हंगामात गावातल्या चारही लग्नांची जेवणं कार्यालयात झाली, त्यामुळं गावात मांडव पडलाच नाही. ओढा बघता बघता स्वच्छ झाला. पंगतीत भात संपत आला की तळातून गोजरबाई वर यायच्या आणि जेवणारा बोट थांबवून म्हणायचा, "लई गुनाची बाई हुती." छगन तिथंच कुठं तरी भाताची बादली घेऊन उभा असायचा. हे एक वाक्य ऐकायलाच तो प्रत्येक पंगतीत वाढायला येतो, हे रतनबाईला कळत होतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग रतनबाईच्या मुलीचं, मोनिकाचं लग्न ठरलं. मुलगा शनिशिंगणापूरच्या बाजूचा, नेवासा तालुक्यातला. घर चांगलं, माणसं मोकळी. साखरपुडा मुलीच्या दारात करायचा ठरलं, आणि रतनबाईनं मोठ्या दिमाखात गटाच्या कपाटातून ताटं काढली. पाहुण्यांनी बघावं, आमच्या गावात काय चाललंय ते, असं तिच्या मनात होतं. माणसाला गर्व झाला की डोळ्यांवर थोडी झापड येतेच.

पंगत बसली. नवऱ्या मुलाची आत्या पहिल्या ओळीत, लग्नघरात अशी एक आत्या असतेच, जिच्या भुवईकडं सगळे बघत असतात. वरण-भात झाला, बुंदी झाली. आत्यांनी शेवटचा घास उचलला आणि त्यांचं बोट जागच्या जागी थांबलं. त्यांनी वाकून वाचलं. मग घास ताटात ठेवला, हात जोडले आणि उठल्या.

"काय झालं, आत्याबाई?" रतनबाई धावली.

"पोरीच्या साखरपुड्याला मयताचं ताट?" आत्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमच्यात चालत न्हाई, बाई."

ओळीतली माणसं आपापल्या ताटांत बघू लागली. कुणी भात बाजूला सारून वाचत होतं, कुणी उरलेल्या भातानं नाव झाकत होतं. रतनबाईनं वळून पाहिलं तर छगन बादली घेऊन उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. बादली त्यानं खाली ठेवली आणि मांडवाच्या मागून निघून गेला.

मोडलं काही नाही. मुलाचे वडील आसाराम समजूतदार होते. निघताना ते बिभीषणला म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई आमचा. पन लग्नाला तेवढं बघा. पत्रावळ्या आनल्या तरी चालतील." बिभीषणनं मान डोलावली. रतनबाई मागंच उभी होती. पत्रावळ्या, आणि त्याही तिच्याच दारात.

गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. पुढच्याच आठवड्यात वैजनाथच्या नातवाचं जावळ होतं. ज्याचा कांदा सडला होता त्या वैजनाथनं श्रीगोंद्याहून चंदेरी पत्रावळ्यांचं पोतं आणलं. रतनबाईनं त्याला रस्त्यात गाठलं.

"वैजनाथभाऊ, तुमी सुद्धा?"

"वैनी, कांदा गेला ते सोसलं मी," वैजनाथ खाली बघत म्हणाला. "पन नातवाच्या जावळाला कैलासवासी ताट कसं मांडू? घरच्या बायका जीव खात्याल माझा."

जावळाची पंगत पत्रावळ्यांवरच उठली. दुसऱ्या दिवशी ओढ्यात पुन्हा चंदेरी चमक दिसली. रतनबाईच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते, आणि त्या दिवशी जर तिच्या मांडवाबाहेर पत्रावळ्यांचा ढीग पडला, तर पुन्हा या गावात स्टीलच्या ताटाचं नाव काढायला तिला तोंड राहणार नव्हतं.

गटाची बैठक बसली. रोहिणी ही गटाची चिटणीस, शिकलेली सून, डोकं थंड.

"नावं घासून टाकायची," ती म्हणाली. "नगरला पॉलिश करून देतात. ताट कोरं झालं की कुणाचं काही म्हणणं राहणार नाही. काकू, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

दुसरा मार्ग कुणालाच दिसत नव्हता. सगळ्या बायकांनी रतनबाईकडं बघितलं, कारण छगनला हे सांगायचं कुणी, हा प्रश्न होता, आणि फोनवर "चालंल की" म्हणणारी ती होती.

छगन गोठ्यापुढं कडब्याची कुट्टी करत होता. रतनबाई मेढीला टेकून उभी राहिली. एरवी गावसभेत सरपंचाला गप्प करणारी ही बाई, पण त्या दिवशी ती आधी उसाचं आणि पावसाचंच बोलत राहिली. तिनं कसंबसं सांगितलं. लग्नाचं सांगितलं, वैजनाथचं सांगितलं, ओढ्याचं सांगितलं.

"चूक माझी हाय, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "तुमी इचारलं तवाच मी इचार करायला पायजे हुता."

छगननं कुट्टी थांबवली नाही. "तुमची कसली चूक. ताटं गावाला दिली तवाच ती गावाची झाली. पुसा की."

"नगरला पाठवू, तिथं पॉलिशवाला..."

"नको." आता तो थांबला. "बाहेरच्या मान्सानं कशाला पुसायचं? मी पुसतो. वेल्डिंगवाल्याचं मशीन हाय, आनतो दोन-चार दिस."

"भाऊजी, तुमी कशाला..."

"मीच घातलंय न्हवं नाव," छगन म्हणाला आणि पुन्हा कडब्याकडं वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून छगनच्या अंगणातून ग्राइंडरचा आवाज यायला लागला. मशीन पत्र्याला टेकलं की आधी किंचाळायचं, मग घरघरायचं आणि मग थोडा वेळ गप्प. पुन्हा किंचाळायचं. रतनबाई शेजारच्या रानात खुरपत होती. प्रत्येक आवाजाला तिला वाटायचं, एक गेलं. आणखी एक गेलं. लग्नाची खरेदी राहिली होती, बांगड्या भरायच्या होत्या, मोनिका दिवसातून दहा वेळा हाका मारत होती, आणि या बाईच्या डोक्यात मात्र ते मशीन फिरत होतं. तिला स्वतःचा राग आला. ओढा साफ राहावा म्हणून आपण एका माणसाला त्याच्या बायकोचं नाव चारशे वेळा पुसायला बसवलं, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी आवाज आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. ताटं झाली म्हणावं तर छगननं निरोप धाडला नव्हता. रतनबाईनं खुरपं टाकलं आणि बांध ओलांडून गेली.

छगन अंगणात पोत्यावर बसला होता. एका बाजूला ताटांच्या चळती लावलेल्या, मशीनची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. अंगावर, भुवयांवर पत्र्याची धूळ. तिला बघून तो उठला नाही.

"झालं का, भाऊजी?"

"न्हाई झालं," तो म्हणाला. "न्हाई जमलं मला, वैनी. तुमी ऱ्हाऊ द्या आता. पाठवा नगरला."

"काय न्हाई जमलं?"

त्यानं हातानंच चळतीकडं दाखवलं. रतनबाईनं वरचं ताट उचललं. वरचं 'कै.' गेलं होतं. तिथं पत्रा गुळगुळीत होता. खालचं 'यांच्या स्मरणार्थ' गेलं होतं. मधलं नाव जसंच्या तसं होतं. तिनं दुसरं ताट उचललं, तिसरं उचललं, मधल्या चळतीतलं एक ओढून काढलं. सगळी तशीच.

"पैल्या दिवशी म्हनलं, वरचं खालचं आधी काढू, नाव सगळ्यांत शेवटी," छगन सांगू लागला. इतकं सलग बोलताना रतनबाईनं त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. "चारी दिशेनं धरून बघितलं. मशीन नावावर नेलं की हात मागं येतो. काल आख्खा दिस बसलो नुसता. चारशे ताटांत एकबी झालं न्हाई. लग्न तोंडावर आलंय तुमचं, आन मी हितं..." त्यानं भुवयांवरची धूळ पुसली.

रतनबाई ताट हातात घेऊन खाली बसली. बराच वेळ ती त्या नावाकडं बघत राहिली. गोजरबाई छगन धांडे. तिच्या स्वतःच्या घरी सासूनं दिलेल्या परातीवर असंच नाव होतं. माहेरून आलेल्या हंड्यावर होतं. भांडं कुणाकडं उसनं गेलं तर ओळखू यावं म्हणून बाई आपल्या भांड्यावर नाव घालून घेते, तसंच हे नाव. नुसतं नाव. ह्यात मेल्याचं कुठं काय होतं?

"भाऊजी, आता ही तिची ताटं झाली," ती म्हणाली.

छगननं वर बघितलं.

"घरच्या बाईच्या भांड्यावर नाव नसतं व्हय? हे तसंच हाय. गोजराची ताटं, लग्नाला मागून आनली. मला आजून एक ताट पुसायचं न्हाई."

"पन पाव्हनं वळखतील. नाव वाचलंय त्यांनी."

"वळखू द्या. मी लपवनार न्हाई. जे व्हायचं ते माझ्या दारात हुईल."

बोलायला ती बोलून गेली, पण बांध ओलांडताना तिला आत्यांची भुवई आठवली. घरी येऊन तिनं आसारामांना फोन लावला आणि काय केलं, काय ठेवलं ते सरळ सांगितलं. आसारामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमचं काय न्हाई, विहीनबाई. पन आत्याबाईंचं तुमचं तुमी बघा. त्या उठल्या तर मागनं चाळीस मान्सं उठतील."

लग्न दुपारी साडेबाराचं. अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. बिभीषणनं घाबरून टेम्पोत पत्रावळ्यांचं एक पोतं लपवून ठेवलं होतं, ते रतनबाईनं सकाळीच शोधून काढून घरात कोंडलं होतं. आता माघार नव्हती. मोनिका बोहल्यावरून आईकडं बघत होती. तिलाही सगळं माहीत होतं. आपल्या पोरीचं पहिलंच पाऊल आपण अपशकुनाच्या बोलण्यात टाकतोय की काय, हा विचार रतनबाईच्या डोक्यातून जात नव्हता.

छगन यायला तयार नव्हता. तिनं त्याला हाताला धरून आणलं होतं आणि भाताची बादली दिली होती.

आत्या पहिल्या ओळीतच बसल्या. या वेळी त्यांनी जेवण वाढायची वाटच बघितली नाही. रिकामं ताट पुढ्यात आलं तसा त्यांनी पदर सावरला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि उजेडाकडं धरलं. शेजारच्या बायका वाकून बघू लागल्या. पलीकडच्या ओळीत वैजनाथ बसला होता, तोही मान उंच करून बघायला लागला. आत्यांनी नाव वाचलं. मग नावाच्या वर जिथं पत्रा घासलेला होता तिथून अंगठा फिरवला. नावाच्या खालून फिरवला. नावावर काही त्यांनी अंगठा नेला नाही.

छगन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्याला पुढं जाता येईना आणि मागंही जाता येईना.

"ह्या गोजरबाई तुमच्या कोन?" आत्यांनी विचारलं.

"मालकीन माझी," छगन म्हणाला.

"ताटं तुमी घासली?"

"व्हय."

आत्यांनी त्याच्या हातांकडं बघितलं. ग्राइंडरनं बोटांच्या पेरांवर काळे चट्टे उठले होते.  रतनबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

आत्यांनी ताट खाली ठेवलं, जमिनीवर नीट बसवलं आणि पुढं सरकवलं. "वाढा," त्या म्हणाल्या.

छगननं भात वाढला. मागोमाग वरण आलं, बुंदी आली. आत्यांनी पहिला घास घेतला तसे सगळ्या ओळीचे हात ताटात गेले. रतनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

पंगत उठायच्या बेताला छगन पुन्हा त्या ओळीवरून चालला होता. आत्यांचं ताट स्वच्छ झालं होतं. शीत उरलं नव्हतं, मधोमध नाव तेवढं होतं. त्यांनी त्याला थांबवलं.

"मालकिनीला सांगा," त्या म्हणाल्या, "जेवन पोटभर झालं."

वर्षभर छगन गोजरबाईंबद्दल "हुती" ऐकत आला होता. त्यानं हातातली बादली खाली ठेवली. तो त्यांच्याकडं बघत राहिला, आणि आत्याही त्याच्याकडं बघत होत्या, सगळं माहीत असलेल्या माणसासारख्या.

"सांगतो," छगन म्हणाला.